संगणक सुरू होताना : खटके, सेल आणि परवलीचा शब्द

साधारण २००० सालची गोष्ट. आम्ही तेव्हा अमरावतीला बी.एस्सी.च्या वर्गात होतो. प्रयोगशाळेत मोजकेच संगणक असत आणि एकेका संगणकापुढे तिघे-चौघे दाटीवाटीने बसत. एका सकाळी त्यांतला एक संगणक सुरू होताच परवलीचा शब्द मागू लागला. आदल्या दिवशी कोणीतरी सेटअपमध्ये शिरून तो शब्द घालून ठेवला होता. सरांनी चौकशी केली. कोणी कबूल झाले नाही. आठवडाभर संगणकावर प्लास्टिकचे आवरण राहिले. मग अकोल्याहून दुरुस्ती करणारे एक गृहस्थ आले. त्यांनी पेटीचे चार स्क्रू काढले, आतला रुपयाएवढा सेल उचलून टेबलावर ठेवला, चहा मागवला आणि चहा संपल्यावर सेल परत बसवला. संगणक मुकाट्याने सुरू झाला. परवलीचा शब्द नाहीसा झाला होता. पडद्यावर दिनांक मात्र १ जानेवारी १९८० असा होता.

सर खूश झाले आणि आम्हीही. घड्याळाचा सेल काढला की उघडते, ते कुलूप तरी कसले, हा प्रश्न त्या दिवशी कोणालाच सुचला नाही. त्याचे उत्तर संगणकाच्या इतिहासात आहे. आज पुष्कळ शाळांच्या कार्यालयांत विद्यार्थ्यांची माहिती साठवलेला एक तरी संगणक असतो. म्हणून शिक्षकांनी तो इतिहास समजून घ्यायला हवा.

सुरुवातीचे खटके

वीज मिळाल्याबरोबर संगणकाच्या प्रक्रियकाला काहीच ठाऊक नसते. स्मृती किती, पडदा कोणता, आज्ञावली कोठून वाचायची, यांतले काहीही नाही. तो फक्त एका ठरलेल्या पत्त्यावरची पहिली आज्ञा वाचतो. त्या पत्त्यावर कायमस्वरूपी स्मृतीत कोरलेली एक छोटी आज्ञावली असते. तिला बायॉस म्हणतात. तिनेच पुढची जुळवाजुळव करायची. पण त्यासाठी जोडलेल्या भागांची माहिती तिला कोणीतरी पुरवावी लागते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत ही माहिती चिमुकल्या खटक्यांनी दिली जाई. मुख्य पट्टीवर प्रत्येकी आठ खटक्यांचे दोन संच होते. फ्लॉपीचे चालक किती, स्मृती किती, पडदा कोणत्या जातीचा, हे खटके वर-खाली करून सांगायचे. बदल करायचा तर पेटी उघडावी लागे.

आपल्या देशातील शाळांत संगणक पोहोचला, तोही असाच होता. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशातील सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक मिळाले. त्यांची स्मृती ३२ किलोबाईट होती. कळफलकाच्या आतल्या पट्टीवर, उजव्या कोपऱ्यात, आठ जोडण्यांची जागा असे. त्यांतल्या तीन जोडण्यांवरून सुरू होताना पडदा कोणत्या पद्धतीचा असावा हे ठरे. चौथ्या जोडणीवरून आणखी एक गोष्ट ठरे. एरवी शिफ्ट आणि ब्रेक या कळा एकत्र दाबल्या की फ्लॉपीवरील ठरलेली आज्ञावली आपोआप चालू होई. चौथी जोडणी केली, की नुसत्या ब्रेकने तेच काम होई.

या व्यवस्थेत परवलीचा शब्द नव्हता. संगणकात कायमचे काही साठतच नव्हते. वीज गेली की स्मृती कोरी. जपायचे ते फ्लॉपीवर. आणि फ्लॉपी कपाटात ठेवून कुलूप लावता येई.

सेलवर जगणारी स्मृती

१९८४ मध्ये आयबीएमने पीसी/एटी बाजारात आणला. त्यात हार्ड डिस्क आणि सेलवर चालणारे घड्याळ होते. घड्याळाच्या चिपमध्ये एकूण ६४ बाईट स्मृती होती. त्यांतले १४ बाईट घड्याळासाठी वापरले जात आणि ५० उरत. बरेचसे खटके गेले आणि त्यांची माहिती या उरलेल्या बाईटांत लिहिली जाऊ लागली. सीमॉस या जातीची ही स्मृती अत्यल्प विजेवर टिकते. पेटी न उघडता, कळफलकावरून सुरुवातीचे पर्याय बदलण्याची सोय अशी झाली. आपण ज्याला ‘सेटअप’ म्हणतो ते हेच.

हे गणित वर्गात करून पाहता येते. आजच्या संगणकातील सीआर २०३२ या सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. घड्याळ व स्मृती मिळून ५ मायक्रोअँपिअर प्रवाह घेत असतील, तर सेल ४४,००० तास, म्हणजे सुमारे पाच वर्षे पुरेल. संगणकाला बाहेरची वीज मिळत असेल तेव्हा सेलवर भार नसतो, त्यामुळे आयुष्य वाढते. आपल्याकडे वऱ्हाडात शाळा उन्हाळ्यात बंद होतात त्या जूनच्या अखेरीस उघडतात. तेवढे दिवस वायर काढलेली असते, खोली तापलेली असते आणि सेल जुना असतो. पहिल्या दिवशी संगणक चुकीची तारीख दाखवतो आणि पुढे जाण्यासाठी एक कळ दाबायला सांगतो. पुष्कळदा त्यामागे एवढेच कारण असते. संगणक बिघडलेला नसतो. काही रुपयांचा सेल बदलायचा असतो.

परवलीचा शब्द कोठून आला?

परवलीचा शब्द संगणकाहून फार जुना आहे. रात्री पहाऱ्यावरच्या शिपायाने आपला माणूस ओळखावा, म्हणून तो ठरवला जाई. संगणकात त्याची गरज भासली ती एकच यंत्र अनेकांनी वापरायला सुरुवात केल्यावर. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये अशी सामाईक प्रणाली उभी केली आणि प्रत्येकाला आपापला शब्द दिला. पुढच्याच वर्षी अॅलन शेर या संशोधकाला वाटून दिलेला वेळ पुरेना. त्याने परवलीच्या शब्दांची सगळी यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केले. १९६६ मध्ये तर दोन फायलींची अदलाबदल झाली आणि संगणकावर येणाऱ्या प्रत्येकापुढे तीच यादी आपोआप उमटू लागली. शब्द जसाच्या तसा साठवला की तो कधी ना कधी बाहेर येणार, हा धडा त्यातून मिळाला.

लहान संगणक एकट्यासाठी होता, म्हणून तेथे प्रथम खरीखुरी किल्लीच आली. पीसी/एटीच्या दर्शनी बाजूला कुलूप होते. किल्ली फिरवली की कळफलक बंद पडे आणि पेटीचे झाकणही उघडत नसे. १९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ संगणकांत सुरू होतानाच परवलीचा शब्द विचारण्याची सोय आली. तो शब्दही सेलवर जगणाऱ्या त्याच स्मृतीत ठेवला गेला. आमच्या अमरावतीच्या कोड्याचे उत्तर इथे आहे. सेल काढला की स्मृती कोरी होते आणि तिच्याबरोबर शब्दही जातो.

दुसरे एक दुबळेपण गणिताच्या शिक्षकांना रंजक वाटेल. त्या काळच्या एका प्रचलित बायॉसमध्ये शब्दाऐवजी त्यापासून काढलेली १६ बिटांची एक संख्या साठवली जाई. अशा संख्या फक्त ६५,५३६ आहेत. इंग्रजी लहान लिपीतील आठ अक्षरांचे शब्द मात्र २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी होतात. म्हणजे एकेका संख्येच्या वाट्याला सरासरी ३२ लाख शब्द आले! खरा शब्द ठाऊक नसला तरी त्या लाखोंपैकी कोणताही शब्द चालत असे. कबुतरे जास्त आणि खुराडी कमी असली की एका खुराड्यात एकाहून अधिक कबुतरे येणारच, हे तत्त्व शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

कोणत्या दाराने सुरुवात?

सेटअपमधील सर्वांत महत्त्वाचा पर्याय म्हणजे सुरुवातीचा क्रम. आधी फ्लॉपी पाहायची की हार्ड डिस्क? जुने संगणक आधी फ्लॉपी पाहत. चकतीच्या पहिल्या ५१२ बाईटांच्या तुकड्यात जी आज्ञावली असेल, ती निमूटपणे चालवत. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू याच तुकड्यात बसून जगभर पसरला. पुढे ‘मायकेलअँजेलो’ हा विषाणू आला. ६ मार्च या दिवशी बाधित संगणक सुरू केला की तो डिस्कवरील माहितीवर भलतेच लिहून ठेवी. मार्च १९९२ मध्ये त्याची जगभर धास्ती होती. आदल्या दिवशी फ्लॉपी चालकात विसरली आणि सकाळी संगणक सुरू केला, एवढी चूक लागण व्हायला पुरे. यावर उपाय साधा होता : सेटअपमध्ये जाऊन क्रम बदलायचा, आधी हार्ड डिस्क, मग फ्लॉपी. एक पैसाही न खर्चता त्या जातीच्या विषाणूंची ही वाट बंद होई.

आज फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह आहे. पण क्रमाचा प्रश्न तोच आहे. पेनड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू केली, तर विंडोजचा परवलीचा शब्द विचारणारा कोणी उरत नाही. डिस्क सांकेतिक रूपात नसेल, तर तिच्यावरील फायली सरळ वाचता येतात. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी तेच.

वऱ्हाडच्या इतिहासात याला जोड सापडते. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला. बाहेरच्या तटाला तोफांनी खिंडार पडले. पण आतल्या किल्ल्याचा दरवाजा फुटेना. तेव्हा कॅप्टन कॅम्बेलची तुकडी शिड्या लावून तट चढून गेली आणि तिने दरवाजा आतून उघडला. दरवाजा शेवटपर्यंत भक्कमच होता. नुसत्या परवलीच्या शब्दाने राखलेल्या संगणकाची स्थिती अशीच असते.

कुलूप माहितीलाच

खरा उपाय दोन टप्प्यांनी आला. पहिला टप्पा शब्द साठवण्याच्या रीतीचा. ज्वारी दळली की पीठ होते. पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. तसे शब्दाचे गणिती पीठ करून तेवढेच साठवायचे, अशी रीत युनिक्स प्रणालीत रूढ झाली. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये तिच्याविषयी लिहिले. त्यांनी लोकांचे ३,२८९ शब्द तपासले. त्यांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, फार आखूड, साधे किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले. चक्की उत्तम होती, पण दळायला दिलेले दाणेच कोणालाही ओळखता येण्याजोगे होते.

दुसरा टप्पा म्हणजे संपूर्ण डिस्क सांकेतिक रूपात ठेवणे. विंडोजमध्ये ही सोय २००७ पासून बिटलॉकर या नावाने काही आवृत्त्यांत मिळू लागली. लिनक्समध्येही ती आहे. येथे डिस्क काढून नेली तरी चोराच्या हाती निरर्थक आकडे लागतात. पण याची दुसरी बाजू तितकीच कठोर आहे. परवलीचा शब्द आणि बिटलॉकरची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली दोन्ही हरवली, तर अकोल्याचा कोणीही कारागीर सेल काढून ती माहिती परत देऊ शकत नाही.

राज्यातील विद्यार्थ्यांची माहिती २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत भरली जाऊ लागली. त्यानिमित्ताने आधार क्रमांक आणि शिष्यवृत्तीसाठीचे बँक खाते क्रमांक यांच्या याद्या शाळांच्या संगणकांवर साठल्या. ही माहिती मुलांची आहे. ती आपल्याकडे विश्वासाने दिलेली आहे. म्हणून आमचे म्हणणे असे, की कार्यालयातील संगणकाची डिस्क सांकेतिक रूपात ठेवावी, सुरुवातीच्या क्रमात पेनड्राइव्ह बंद ठेवावा आणि सेटअपलाही शब्द द्यावा. शब्द लांब असावा. चार-पाच असंबद्ध शब्दांची साखळी लक्षात राहते आणि ओळखायला कठीण जाते. तो शब्द व पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून, पाकीट मोहरबंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावे. गुरुजींची बदली झाली की पाकिटाची नोंद कार्यभाराच्या यादीत यावी. माहितीची दुसरी प्रत, तीही सांकेतिक रूपात, वेगळ्या जागी असावी.

प्रयोगशाळेतील संगणकाची गोष्ट निराळी. तेथे कोणाचे आधार क्रमांक नसावेत आणि फार कुलपेही नसावीत. २०१२ मध्ये आलेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक अशा कामाला चांगला. सुरू होताना थेट चित्रमय पडदा यावा की आज्ञांची ओळ, शब्द विचारावा की नाही, हे त्यात मुलांना स्वतः ठरवता येते. पूर्वी सर्व रास्पबेरी पायवर नाव आणि शब्द एकच असत; असा जगजाहीर शब्द धोक्याचा म्हणून एप्रिल २०२२ पासून तो काढून टाकला गेला. मुलांनी काही बिघडवले तर नखाएवढे स्मृतिकार्ड पुन्हा लिहायचे. अर्ध्या तासात संगणक नवा.

भंगारात निघालेला एखादा जुना संगणक शाळेत असेल, तर तो जरूर मागून घ्यावा. वायर काढावी, मुलांकडून पेटी उघडवावी, सेल शोधायला लावावा. परवलीचा शब्द घालून सेल काढावा आणि काय होते ते पाहावे. काही संगणकांत शब्द वेगळ्या चिपमध्ये असतो आणि सेल काढूनही जात नाही. तसे झाले तर चर्चा आणखी रंगेल. त्यानंतर मुलांना विचारावे, की डिस्कवरील माहितीचे या सगळ्यात काय झाले? अमरावतीच्या त्या प्रयोगशाळेत हा प्रश्न आम्ही विचारायला हवा होता.