पाहायचं की ठेवायचं? तात्पुरत्या फोल्डरचा छोटा इतिहास

फोनमधलं 'डाउनलोड्स' उघडून बघा. वीजबिलं, हॉल तिकिटं, एकाच फॉर्मच्या तीन-तीन प्रती. यातलं बरंचसं आपल्याला फक्त एकदा पाहायचं होतं, ठेवायचं नव्हतंच. पाहणं आणि ठेवणं या दोन गोष्टी संगणकाने एकेकाळी वेगळ्या मानल्या होत्या. त्यांची सरमिसळ कशी झाली, त्याची ही गोष्ट.

सुरुवात युनिक्सपासून. १९७०च्या दशकात वाढलेल्या या प्रणालीत 'टीएमपी' नावाची एक सामाईक जागा असे. प्रोग्रामनी आपला कच्चा पसारा तिथे मांडायचा आणि मशीन पुन्हा सुरू होताना तो पुसला गेला तरी तक्रार करायची नाही, असा रिवाज. शाळेच्या फळ्यावरच्या आकडेमोडीसारखं.

ब्राउझरने ही कल्पना उचलली ती वेगासाठी. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते फोनच्या तारेवरून चालायचं. संथ आणि महाग. जगात इतरत्रही घरोघरी डायल-अपच होतं. एकदा उतरवलेलं चित्र पुन्हा मागवणं परवडत नसे. म्हणून इंटरनेट एक्सप्लोरर ते 'टेम्पररी इंटरनेट फाइल्स' या फोल्डरात ठेवी आणि जागा भरली की जुनं काढून टाकी.

गोची पुढे होती. एखाद्या फाइलवर क्लिक केलं की 'ओपन' आणि 'सेव्ह' असे दोन पर्याय येत. 'ओपन' म्हटलं की वर्डची फाइलसुद्धा याच फोल्डरात जाऊन पडे. माणूस तासभर खपून तिच्यात बदल करी, सेव्हचं बटण दाबी आणि निर्धास्त होई. फाइल सेव्ह झालेली असे, पण सहज न दिसणाऱ्या आणि कधीही झाडल्या जाणाऱ्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी शोधून सापडत नसे. यावर उपाय एकच: आधी सेव्ह, मग ओपन.

२००७मध्ये विंडोज व्हिस्टा आणि मॅकच्या लेपर्ड या दोन्ही प्रणालींनी 'डाउनलोड्स' हा स्वतंत्र फोल्डर दिला. २००८मध्ये क्रोम आला. त्याने प्रश्न विचारणंच सोडलं. फाइल थेट डाउनलोड्समध्ये. मेहनत हरवण्याची भीती गेली, पसारा मात्र वाढू लागला.

फायरफॉक्स बराच काळ जुन्या वळणावर राहिला. विंडोज आणि लिनक्सवर नुसती उघडलेली फाइल तात्पुरत्या फोल्डरात जाई आणि ब्राउझर बंद केला की पुसली जाई. मार्च २०२२मध्ये आलेल्या ९८व्या आवृत्तीने हे बदललं. आता उघडलेली फाइलही डाउनलोड्समध्येच राहू लागली. दिवसाला डझनभर फाइली नुसत्या चाळणारे लोक वैतागले. सामाईक संगणक वापरणाऱ्यांची अडचण तर आणखी मोठी: पगाराची स्लिप किंवा वैद्यकीय रिपोर्ट पुढच्या माणसासाठी तसाच मागे राहणार.

मग लोकांनी वाटा काढल्या. कुणी डाउनलोडचा फोल्डर म्हणून तात्पुरता फोल्डरच निवडला. कुणी रोज झाडलोट करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. कुणी 'अबाउट कॉन्फिग' या आडबाजूच्या पानावर जाऊन नवी पद्धतच बंद केली. अखेर जूनमधल्या १०२व्या आवृत्तीत, उघडायच्या फाइली पुन्हा तात्पुरत्या फोल्डरात पाठवणारी एक सेटिंग आली. ती मुळात बंद असते. ज्याला हवी त्याने शोधून चालू करायची.

दोन्ही पद्धतींनी माणसाच्या मनातलं ओळखायचा प्रयत्न केला. पहिलीने ठेवायचं ते पुसलं, दुसरीने पुसायचं ते ठेवलं. आता सायबर कॅफेत मार्कशीटची प्रिंट घेतल्यावर उठण्याआधी डाउनलोड्स उघडून ती फाइल काढून टाकायची, आणि रिसायकल बिनही रिकामा करायचा. पूर्वी हे काम काही ब्राउझर आपसूक करत. आता ते आपल्याकडे आलं आहे.