‘अमरज्योती’तील चाचेगिरी आणि न्याय

सातारा-सांगली हा कृष्णाकाठचा मुलूख. समुद्र घाटाखाली, कोकणात. तरी कान्होजी आंग्रे यांचे ‘सरखेल’ हे पद साताऱ्याच्या शाहू महाराजांनी मान्य केले होते. त्याच कान्होजींना मुंबईचे इंग्रज मात्र चाचा म्हणत. सरखेल की चाचा, हे कोणाचा हुकूम मानायचा यावर ठरत असे.

हा प्रश्न १९३६ साली प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अमरज्योती’ या हिंदी बोलपटाने वेगळ्या अंगाने मांडला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, निर्मिती पुण्याची. दुर्गा खोटे यांची सौदामिनी चाच्यांची प्रमुख होते, ती लुटीच्या लोभाने नव्हे. न्यायमंत्री दुर्जय तिला तिच्या तान्ह्या मुलाचा ताबा नाकारतो, म्हणून ती राज्याशी वैर धरते. भर समुद्रात ती दुर्जयाला पकडते, त्याचा पाय तोडते. पण त्याच जहाजावरच्या राजकन्या नंदिनीचे प्रेम जडते ते सौदामिनीच्या हरवलेल्या मुलावर.

कथेतले राज्य काल्पनिक होते, अन्याय मात्र ओळखीचा होता. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार बाप हयात असून अपात्र ठरलेला नसेल, तर न्यायालयाला दुसरा पालक नेमता येत नसे, आईलाही नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानेही आधी बापाचे नाव घेतले, त्यानंतर आईचे. सौदामिनीला चाचा म्हणण्यापूर्वी दुर्जयाचा निकाल विचारात घ्यायला हवा.