लेबलवर नसलेलं नाव

चप्पल दाराबाहेर काढा आणि आत शिरल्यावर खोकू नका. 1964 साल आहे. मुंबईतल्या एका स्टुडिओत ‘काश्मीर की कली’मधल्या ‘है दुनिया उसी की’चं रेकॉर्डिंग चाललंय. गाणारा आणि वाजवणारे एकदमच सुरू होणार. शेवटच्या कडव्यात एकाचं जरी बोट चुकलं, तरी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही खोकलात तर मोहम्मद रफींचं सगळं गाणं वाया!

तुमची नजर रफींवर खिळणार, त्यात नवल नाही. पण जरा बाजूला बघा. गळ्यात पट्टा, पट्ट्याला अडकवलेला पितळी सॅक्सोफोन. हे मनोहारी सिंग, वय तेहतीस. सध्या तोंडात वाद्य नाही, नुसती रीड आहे. बोरूच्या जातीच्या नळापासून तासलेली ही चपटी पट्टी ओली झाल्याशिवाय नीट बोलत नाही. ते ती जिभेवर फिरवतात, काढून बघतात, पुन्हा तोंडात धरतात. या एवढ्याशा पट्टीमुळेच सगळं अंग पितळेचं असूनही सॅक्सोफोन बासरी-क्लॅरिनेटच्या पंगतीला बसतो, ट्रम्पेटच्या नाही.

संगीतकार ओ. पी. नय्यर खूण करतात.

आता कान द्या. रफींच्या आधी सॅक्सोफोनच बोलतो. त्याला चाव्या असतात, म्हणजे खरं तर पेटीसारखा नेमका, ठरलेला सूर निघायला हवा. पण ओठांची पकड सैल-घट्ट केली की तोच सूर खाली-वर सरकतो, आणि मनोहारींचं सगळं कसब या फटीत आहे. सूर जरा खालून उचलायचा, जागेवर यायला उशीर करायचा, आल्यावर थरथरवायचा, आणि सोडताना सुरापेक्षा श्वासच जास्त ऐकू येईल असं बघायचं. पडद्यावर शम्मी कपूर दारू पिऊन झुलणार आहे; झिंग इथंच भरून ठेवलीय. गायकाच्या ओळी संपतात तिथं हा माणूस मध्ये बोलतो, पण शब्दावर पाय देत नाही. सिनेमात जॅझ म्हणजे नाइटक्लबमधला धिंगाणा, असं आपण धरून चालतो. माझ्या मते जॅझचा खरा अंश या मधल्या भरण्यात आहे: समोरच्याचं ऐकत ऐकत उत्तर द्यायचं.

हे कुठून आलं? काही वर्षं मागं, कोलकात्याजवळच्या बाटानगरात चला. बुटांच्या कारखान्याचा स्वतःचा ब्रास बँड आहे, आणि त्यात हा नेपाळी कुटुंबातला मुलगा. बँडमास्तर जोसेफ न्यूमन हंगेरीचे. पुढं एचएमव्ही ही रेकॉर्ड कंपनी, कोलकात्यातल्या फिरपोज रेस्तराँमधली नाचगाण्याची रात्र, आणि मग संगीतकार सलील चौधरींनी धरलेला आग्रह: मुंबईला चला. 1958 मध्ये ते आले आणि सचिनदेव बर्मननी ‘सितारों से आगे’साठी वाजवायला बोलावलं.

आता हा सूर कुठवर पोचतो ते बघू: मुंबईहून मनमाड, तिथं उतरून मीटरगेजची छोटी गाडी, औरंगाबाद मागं टाकून जालना. साल 1965. कलेक्टर कचेरी शोधू नका, जालना अजून औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका आहे. स्वतंत्र जिल्हा व्हायला 1 मे 1981 उजाडायचाय. लगीनसराई आहे. लिंबाच्या झाडाला लाऊडस्पीकरचा कर्णा बांधलाय, मांडवाच्या कोपऱ्यात लाऊडस्पीकरवाला तबकडी पुसतोय. त्याला म्हणा, जरा दाखव. लेबल गोल फिरवून वाचा: सिनेमा, रफी, नय्यर, गीतकार एस. एच. बिहारी. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचा पत्ता नाही. तबकडी लागते, कर्णा खरखरतो, आणि तो खालून उचललेला सूर सगळ्या गल्लीभर पसरतो. पंगतीतला एक आजोबा भात कालवताना थांबतो. विचारलंत तर सांगेल, रफी काय गातो!

वरातीसाठी आलेले बँडवाले मांडवामागं बिड्या ओढत बसलेत. क्लॅरिनेटवाला मात्र बिडी विसरून ऐकतोय. त्याची बोटं मांडीवर चालताहेत. पुढं घडणारं बरंच काही तुमच्या पोटात आहे. 1969 मध्ये ‘रूप तेरा मस्ताना’त मनोहारींचा हाच सॅक्सोफोन वाजणार आहे. राहुलदेव बर्मनच्या ताफ्यात हा माणूस बासू चक्रवर्ती आणि आपल्या मारुतीराव कीरांसोबत असणार आहे. 1976 मध्ये ‘सबसे बडा रुपैया’च्या श्रेयनामावलीत बासू-मनोहारी असं संगीतकार म्हणून नाव झळकणार आहे, आणि 13 जुलै 2010 ला मुंबईत तो हे जग सोडणार आहे. यातलं काही बोलू नका. एवढंच सांगा, ‘‘मास्तर, हे वाजवणाऱ्याचं नाव मनोहारी सिंग.’’

तो मान डोलावतो. नावाचं त्याला फारसं पडलेलं नाही.

‘‘ते सोडा. हा सूर मधीच खाली पाडून वर कसा घेतला? आमच्याच्यानं फाटतो बगा.’’

ओठांची पकड, तुम्ही सांगता. तो क्लॅरिनेट उचलतो, रीड चाटतो, प्रयत्न करतो. फाटतो. शेजारचा ढोलवाला हसतो. मास्तर पुन्हा ओठ आवळतो, आणि तेवढ्यात मांडवातून हाक येते: नवरदेव घोड्यावर बसला, बँड कुठंय?