वार्धक्य आणि वाहन : जुन्नर–आंबेगाव परिसरातील एका स्थित्यंतराचा विचार

वाहनांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः यंत्राकडे, मार्गाकडे अथवा व्यापाराकडे जाते. वाहनावर बसणाऱ्या मनुष्याच्या देहाकडे ते क्वचितच वळते. वस्तुतः प्रत्येक स्वाराच्या आयुष्यात असा एक काळ येतोच की, ज्या वाहनावर त्याने तारुण्य घालविले ते वाहन त्याला पेलेनासे होते. तेव्हा त्याच्यापुढे तीन मार्ग उरतात : वाहन सोडणे, वाहन बदलणे, किंवा दुसऱ्याच्या वाहनात बसणे. पाश्चात्त्य देशांत या प्रसंगी वृद्ध मोटारसायकलस्वार तीन चाकांच्या मोटारसायकलीकडे वळतात आणि त्यासाठी तेथे स्वतंत्र उद्योगच उभा राहिला आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत हेच स्थित्यंतर कोणकोणत्या रूपांनी घडत आले, आणि त्यात देहाची गरज किती व प्रतिष्ठेचा प्रश्न किती, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रथम भूमीचा विचार करणे प्राप्त आहे. या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या मुख्य रांगेला टेकलेला असून पूर्व भाग कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत उतरत गेलेला आहे. नाणेघाटाच्या मार्गाने कोकणातील बंदरांचा माल जुन्नरला येत असे. परंतु हा मार्ग दगडी पायऱ्यांचा व चढणीचा असल्यामुळे तेथे चाकाचा उपयोग नव्हता. माल वाहिला तो बैलांच्या, तट्टांच्या व माणसांच्या पाठीवरून. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेखात अश्वमेध यज्ञांचा आणि दक्षिणेत दिलेल्या घोड्यांचा व रथांचा उल्लेख आहे. म्हणजे रथ राजवैभवात होता, पण ज्या घाटात त्याचे नाव कोरले गेले त्या घाटातून तो जाऊ शकत नव्हता. चाक सपाटीचे आणि पाठ डोंगराची, ही विभागणी या प्रदेशात जवळजवळ विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. पुढील सर्व विवेचनाला हीच पार्श्वभूमी आहे.

मध्ययुगात या प्रदेशाचे प्रमुख वाहन घोडा हे होय. मलिक अहमदने १४९० मध्ये जुन्नर येथेच निजामशाहीचा पाया घातला. शिवनेरीवर १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला. आणि भीमेच्या खोऱ्यातील काटक, ठेंगण्या भीमथडी घोड्यांनी पुढे मराठ्यांच्या फौजा वाहून नेल्या. अशा समाजात घोड्यावर मांड ठोकता येणे हे केवळ कौशल्य नव्हते, तर ते पुरुषार्थाचे लक्षण मानले जाई. म्हणून घोडा सुटणे ही गोष्ट देहापेक्षा मनालाच अधिक लागणारी होती.

या दृष्टीने तीन ऐतिहासिक उदाहरणे लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले बाळाजी विश्वनाथाचे. १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेल्या या मुत्सद्द्याला घोड्यावर नीट बसता येत नसे व दोन्ही बाजूंनी त्याला माणसे धरीत, असे ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात नमूद केले आहे. हकीकत शब्दशः खरी मानली अथवा तीत काही अतिशयोक्ती मानली, तरी ती आवर्जून सांगितली जावी, यातच तत्कालीन दृष्टी प्रकट होते. दोन बाजूंना दोन आधार दिल्याशिवाय तोल न राहणारा स्वार हा थट्टेचा विषय होता. त्याचा पुत्र पहिला बाजीराव याच्या वाट्याला हा प्रश्न आलाच नाही. कारण अश्वारोहणासाठी ख्यात असलेला हा पुरुष १७४० मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावरच, मरण पावला.

दुसरे उदाहरण औरंगजेबाचे. ऑक्टोबर १७०० मध्ये माण नदीच्या काठी खवासपूर येथे छावणी असताना मध्यरात्री पूर आला. गडबडीत बादशहाचा पाय घसरून उजवा गुडघा निखळला आणि तो अखेरपर्यंत नीट बसला नाही. बादशहाचे वय तेव्हा ८१ वर्षांचे होते. हे लंगडेपण म्हणजे पूर्वज तैमूरलंगाचा वारसाच होय, अशी त्याची समजूत दरबाऱ्यांनी घातली. पुढील मोहिमांत तो तख्तरवाँवर म्हणजे माणसांनी वाहिलेल्या आसनावर बसून हिंडला. १७०४ चा पावसाळा त्याने आंबेगावच्या लगतच्या खेड येथे काढला, तेव्हा या परिसरातील लोकांपुढे आलेला दिल्लीपती घोडेस्वार नव्हता. तो वाहून नेलेला वृद्ध होता. तथापि त्या आसनामुळे त्याची दुर्बलता उघडी न पडता उलट ऐश्वर्यच दिसत असे.

तिसरे उदाहरण महादजी शिंद्यांचे. पानिपतच्या रणात १७६१ मध्ये त्यांच्या पायाला झालेली जखम त्यांना जन्मभर लंगडे करून गेली. परंतु हे व्यंग रणातून आलेले असल्यामुळे ते लपविण्याचे कारण उरले नाही आणि १७९४ पर्यंतच्या त्यांच्या कर्तृत्वाच्या आड ते आले नाही.

या तिन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. शरीराची असमर्थता सारखीच असली तरी तिचा अर्थ समाज ठरवितो, आणि तो अर्थ बदलण्याचे सर्वांत प्रभावी साधन पालखी हे होते. मराठी राज्यात पालखी ही कोणीही उठून वापरावी अशी वस्तू नव्हती. तो सरकारातून मिळणारा मान होता आणि पालखीच्या खर्चासाठी नेमणूक दिली जाई. परिणामी घोड्यावरून पालखीत जाणारा वृद्ध सरदार लोकांच्या दृष्टीने खाली उतरत नसे, तर वर चढत असे. वार्धक्य मानाच्या आवरणाखाली झाकले जाई. मात्र या व्यवस्थेची किंमत भोई आपल्या खांद्याने देत होते, हे विसरता येत नाही.

सामान्य रयतेला हा मार्ग अर्थातच उपलब्ध नव्हता. पूर्वेकडील सपाटीवर म्हातारी माणसे बैलांच्या छकड्यातून अथवा दमणीतून जात. पश्चिमेकडील डोंगरवस्त्यांत आजारी वृद्धाला डोलीत घालून खाली आणीत. डोली व पालखी यांची रचना एकाच तत्त्वावर आधारलेली आहे. एक मानाची आणि दुसरी अडचणीची, एवढाच भेद. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या सुमारे ३०० पायऱ्या चढू न शकणाऱ्या भाविकांसाठी डोलीची सोय असते, तीत या प्राचीन साधनाचा अवशेष पाहावयास मिळतो. घोडाही या प्रदेशातून सर्वथा गेलेला नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैलांपुढे धावणारी घोडी व तिच्यावरील स्वार हे दृश्य येथील जत्रांचे वैशिष्ट्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरविला. मध्यंतरीच्या काळात या शर्यतींसाठी जी आस्था दिसून आली तीत स्वारीविषयीच्या जुन्या अभिमानाचाही अंश होता, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात घोड्याची जागा क्रमाने मोटारसायकलीने घेतली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्डचे, १९६१ मध्ये म्हैसूरला जावाचे आणि त्याच सुमारास एस्कॉर्ट्सच्या राजदूतचे उत्पादन सुरू झाले. ग्रामीण महाराष्ट्राने या यंत्राला ‘फटफटी’ हे नाव दिले. आंबेगावात घोड नदीवर डिंभे धरण झाले, त्यात मूळ आंबेगाव हे गाव पाण्याखाली गेले, आणि कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी पूर्वभाग बागायती झाला. मंचर व नारायणगाव या बाजारपेठा वाढल्या. दुधाचे कॅन, भाजीची पोती, खताच्या गोण्या हे सर्व मोटारसायकलीच्या पाठीवर आले. ज्या पिढीने ही वाहने तारुण्यात घेतली ती आता सत्तरीच्या आसपास आहे. म्हणून प्रस्तुत प्रश्न आज उत्पन्न झाला आहे.

मोटारसायकल वृद्धाला का जड जाते याचे कारण तिच्या गतीत नसून तिच्या थांबण्यात आहे. चालत असताना दुचाकी आपला तोल बऱ्याच अंशी स्वतःच सावरते. थांबली की शंभर-सव्वाशे किलोंचा भार स्वाराच्या एका पायावर येतो. गुडघा दुखरा असला, वाट चढणीची असली वा पायाखाली चिखल असला की अपघात होतो तो येथेच. त्याच्या आधीची पायरी किकची. १९८४ मध्ये बाजारात आलेल्या, गियर नसलेल्या व बटनाने सुरू होणाऱ्या कायनेटिक होंडाने ती पायरी दूर केली; पुढे अशा स्कूटरी सर्वत्र पसरल्या. अनेक स्वारांच्या बाबतीत मोटारसायकलीवरून स्कूटरवर येणे हीच वार्धक्याची पहिली, न बोललेली कबुली असते. परंतु स्कूटरलाही थांबल्यावर पाय टेकावाच लागतो.

तिसरे चाक ही अडचण मुळापासून दूर करते. त्याचा इतिहासही जुना आहे : कार्ल बेंझने १८८६ मध्ये ज्या मोटारीचे पेटंट घेतले ती तीन चाकांचीच होती. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९३२ ते १९७३ या काळात ‘सर्व्हि-कार’ हे तीनचाकी वाहन बनविले, ते मुख्यतः गॅरेजवाल्यांच्या व पोलिसांच्या कामासाठी. त्याच कंपनीने २००९ च्या मालिकेत प्रवासी तीनचाकी आणली, तेव्हा तिचे गिऱ्हाईक बहुतांशी वयस्क स्वार होते. म्हणजे तेथे कामाचे तीन चाक कालांतराने वार्धक्याचे तीन चाक झाले.

महाराष्ट्रात मात्र हे स्थित्यंतर अर्ध्यावरच राहिले. पुणे जिल्हा हे तर तीनचाकी वाहनांचे माहेरघर होय. बजाजची ऑटोरिक्षा, बजाज टेंपोची मालवाहू तीनचाकी आणि १९९९ पासून बारामतीत तयार होणारी पियाजिओची आपे या सर्वांचा या जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. ‘टेंपो’ हे कंपनीचे नाव तर मराठीत सामान्यनाम होऊन बसले. परंतु ही सर्व वाहने भाड्याची वा मालाची आहेत. वृद्ध मनुष्य त्यांत उतारू म्हणून बसतो, स्वार म्हणून नव्हे. स्वतः चालविण्याजोगे तिसरे चाक येथे अपंगांसाठी केलेल्या स्कूटरच्या रूपानेच दिसते. या स्कूटरला मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक जोडलेले असल्यामुळे वास्तविक तिला चार चाके होतात. बाळाजी विश्वनाथाच्या दोन बाजूंच्या दोन माणसांची आठवण व्हावी, असाच हा आधार आहे. आणि समाजाची दृष्टीही तेव्हापासून फारशी बदललेली दिसत नाही. पालखीने दुर्बलता झाकली होती. जोडचाके ती उघड करतात.

कायद्याची भूमिकाही येथे विचारात घेतली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात शारीरिक व्यंग असलेल्या व्यक्तीसाठी खास बनविलेल्या वाहनाची स्वतंत्र व्याख्या आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा व्यक्तीसाठी फेरफार केलेल्या वाहनालाही स्थान दिले. त्याच दुरुस्तीनुसार वयाच्या ५५ वर्षांनंतर चालकाचा परवाना एका वेळी ५ वर्षांसाठीच मिळतो. याचा अर्थ असा की, कायदा वार्धक्य ओळखतो ते परवान्याची मुदत कमी करताना. वाहन बदलून देण्याच्या प्रसंगी मात्र तो अपंगत्वाचीच भाषा बोलतो. ज्याचे गुडघे थकले आहेत, पण जो स्वतःस अपंग समजत नाही, असा शेतकरी या दोहोंच्या मध्ये राहतो.

तिसऱ्या चाकाविरुद्ध एक भौतिक आक्षेपही आहे, व तो याच भूमीतून उद्भवतो. दुचाकीला शेताच्या बांधावरील वीतभर पायवाट पुरते. तीनचाकीला गाडीवाटेची रुंदी लागते. शिवाय वळणावर दुचाकी आत कलते, तीनचाकी कलत नाही. तिचे हँडल वेगळ्या रीतीने वळवावे लागते आणि वेग जास्त असल्यास ती बाहेरच्या बाजूला उलटू पाहते. चाळीस वर्षांची सवय अंगात मुरलेल्या स्वाराला हे नवे शिक्षणच होय. पाणंदी व डोंगरवाटा यांनी भरलेल्या पश्चिम पट्ट्यात म्हणूनच तिचा उपयोग मर्यादित राहील. बागायती पूर्वभागात ती अडचण बरीच कमी आहे. चाक सपाटीचे आणि पाठ डोंगराची हा जुना नियम येथे पुन्हा प्रत्ययास येतो.

वाहन सोडणाऱ्या वृद्धासाठी शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. राज्य परिवहनाच्या गाड्यांत ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना अर्ध्या भाड्याची सवलत आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना विनामूल्य प्रवास करता येतो. परंतु एसटी धावते ती फाट्यावरून. वस्ती असते फाट्यापासून दोन-तीन कोसांवर. मधले अंतर हेच वृद्धाच्या स्वातंत्र्याचे खरे माप आहे. ते अंतर मुलाच्या मागे बसून काटावयाचे की स्वतःच्या हाती हँडल धरून, हा प्रश्न सवलतीने सुटत नाही.

निष्कर्ष असा की, या परिसरात वार्धक्यातील वाहनबदल तीन गोष्टींवर अवलंबून राहिला आहे : देहाची शक्ती, वाटेची रुंदी आणि समाजाने त्या बदलाला दिलेला अर्थ. पहिल्या दोन गोष्टींचे उपाय यंत्रविद्येच्या व बांधकामाच्या कक्षेत येतात. तिसरी मात्र इतिहासाच्या कक्षेतील आहे. पेशवे दप्तरातील पालखीच्या नेमणुका आजवर प्रामुख्याने मानमरातबाच्या दृष्टीने वाचल्या गेल्या. त्या घेणाऱ्यांच्या वयाशी व दुखण्यांशी ताडून पाहिल्यास मराठी समाजाने वार्धक्याला कसे वागविले याचे एक नवे साधन उपलब्ध होईल. ज्या समाजाने एके काळी थकलेल्या सरदाराला घोड्यावरून उतरविताना त्याचा मान वाढविला, त्याच समाजात आज थकलेला शेतकरी जोडचाकांच्या लाजेने धोक्याची दुचाकी सोडीत नाही. हा विरोध समजून घेणे हे केवळ विद्येचे काम नव्हे. त्यावर कित्येक वृद्धांची सुरक्षितता आणि त्यांचे हिंडणे-फिरणे अवलंबून आहे.