त्यक्त कोडाचे पुनरुज्जीवन आणि देवनागरीची जुळणी

२०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. या नामांतराची एक बाजू लिपीची आहे. ‘अहमदनगर’ या शब्दात सात अक्षरे असून काना, मात्रा, वेलांटी वा जोडाक्षर एकही नाही. अक्षरापुढे अक्षर मांडू शकणाऱ्या कोणत्याही यंत्रास तो शब्द छापता येतो. ‘अहिल्यानगर’ची गोष्ट निराळी. युनिकोडात वेलांटी ‘ह’नंतर साठविली जाते, पण दिसावयाची असते ती ‘ह’च्या आधी, शिवाय ल, हलन्तचिन्ह व य या तिहींचे मिळून जोडाक्षर व्हावे लागते. अशा दहा चिन्हांची जुळणी पूर्वी छापखान्यातील जुळारी हाताने करीत असे. आज असंख्य संगणकांवर व फोनवर हे काम ‘हार्फबझ’ नावाची आज्ञावली करते, आणि तिचा उगम एका टाकून दिलेल्या कोडात आहे.

फाँट वाचून अक्षरांच्या आकृती उमटविणारा ‘फ्रीटाइप’ हा मुक्त प्रकल्प डेव्हिड टर्नर यांनी १९९६ साली सुरू केला. ओपनटाइप फाँटांत जोडाक्षरांची व चिन्हांच्या स्थानांची जी कोष्टके असतात, ती वाचणारा भाग त्याच्या पहिल्या आवृत्तीत होता. २००० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तो राहिला नाही. आकृती काढणे एवढेच काम तिने आपल्याकडे ठेवले. ही मर्यादा तर्कशुद्धच होती. तिच्यापायी एक चालता कोड मात्र निराधार झाला.

तो दोघांनी उचलला. ग्नोम परिवारातील ‘पँगो’ने एक प्रत घेतली, नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीच्या ‘क्यूटी’ने दुसरी. पुढे दोन्ही प्रती स्वतंत्रपणे वाढल्या. अशा स्थितीत एकीत दुरुस्त झालेला दोष दुसरीत तसाच राहू शकतो. पोथ्यांच्या पाठपरंपरेचा ज्यांनी अभ्यास केला आहे त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. २००६च्या सुमारास या शाखा एमआयटी परवान्याखाली एकत्र आणण्यात आल्या. नाव ठेवले ते फारसीतून : ‘हर्फ’ म्हणजे अक्षर (मराठीतील ‘हरफ’ तोच) आणि ‘बाझ’ म्हणजे खुले. ‘ओपनटाइप’चे हे सरळ भाषांतर होय. त्यानंतर बेहदाद इस्फहबुद यांनी सारी रचनाच नव्याने लिहिली व २०१५ साली तिची १.० ही आवृत्ती निघाली. उचलून आणलेला जुना कोड अशा रीतीने पुन्हा एकदा मागे पडला; त्याने लावून दिलेली वाट तेवढी शिल्लक राहिली.

परवान्याची अट एवढीच की, स्वामित्वाची सूचना प्रतींमध्ये कायम ठेवावी. त्यामुळे विकाऊ सॉफ्टवेअरलाही हा कोड घेता आला. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स व लिब्रेऑफिस यांच्याप्रमाणेच ॲडोबीच्या इनडिझाइन व फोटोशॉप यांतही तो आहे. मूल्य देऊन ही साधने वापरणाऱ्या मुद्रकाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. सूचनांच्या लांबलचक यादीत कोण डोकावतो? यात स्वयंसेवकांची लूट झाली असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे ठरेल, कारण इस्फहबुद यांनी यातील बरेच काम रेड हॅट व गूगल यांच्या नोकरीत असताना केले.

मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे. उसाच्या या जिल्ह्यात ‘गुऱ्हाळ’ शब्द नित्याचा. त्यातील र रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर चढता कामा नये. युनिकोडात नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्तचिन्ह जोडले की जुळणी करणाऱ्या आज्ञावलीने रफार टाळून हे आडवे रूप द्यावयाचे असते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील अर्थभेद सर्वस्वी याच व्यवस्थेवर अवलंबून आहे. ‘ल’ व ‘श’ यांचे प्रश्न याहून नाजूक आहेत. काही फाँटांत या अक्षरांची मराठी वळणे स्वतंत्रपणे दिलेली असतात, परंतु मजकूर मराठी आहे असे लेखनात नोंदविलेले असेल तरच हार्फबझ ती निवडते. ती नोंद नसली आणि फाँटाचे मूळ वळण हिंदी असले, तर जिल्ह्याचे नवे नाव हिंदी ‘ल’ घेऊनच कागदावर उतरते.