दुर्मिळ बुटांची रांग

वाचकहो, बाजार आपल्याला नवा नाही. आठवड्याचा बाजार भरतो, आपण चार पालं फिरतो, भाव विचारतो, माल हातात घेऊन पाहतो आणि पटला तर पिशवीत टाकतो. जायला उशीर झाला तर चांगली वांगी संपलेली असतात. पण ती कोणी नेली, हे निदान दिसते तरी. आज ज्या बाजाराची हकीकत सांगणार आहे, तिथे दुकानदार दिसत नाही, माल दिसत नाही आणि रांगेत आपल्यापुढे कोण उभे आहे तेही दिसत नाही. ठरलेल्या वेळी मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवायचे, आणि दुसऱ्याच क्षणी वाचायचे की माल संपला! हा माल म्हणजे पायातले बूट. आणि ही हकीकत मुख्यतः अमेरिकेतली.

तुम्ही म्हणाल, परदेशातल्या बुटांशी आम्हाला काय करायचे आहे? थोडा धीर धरा. ही गोष्ट बुटांपासून सुरू होते, पण ती रांगेची आणि न्यायाची गोष्ट आहे. शेवटी ती आपल्या गावापर्यंत येते.

प्रथम बूट पाहू. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत तडकते. ते गंधकाबरोबर तापवले म्हणजे टिकाऊ होते. या कृतीचे अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयर याला १८४४ साली मिळाले. पुढे कापडी बुटाला रबराचा तळवा बसवू लागले. चालताना त्याचा आवाज होत नाही, म्हणून चोरपावलांनी जाणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्याला ‘स्नीकर’ हे नाव पडले. १९१७ साली कॉन्व्हर्स कंपनीने बास्केटबॉलसाठी ‘ऑल स्टार’ बूट काढला. आपल्याकडे शाळेत कवायतीला मुले पांढरे कॅनव्हासचे बूट घालत, त्याच जातीची ही वस्तू. स्वस्त, साधी, आणि घालून झिजवायची.

आता दुकानाकडे वळू. घरबसल्या माल मागवण्याची सोय इंटरनेटने प्रथम आणली, असा आपला समज असतो. ते खरे नाही. १८७२ साली शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड याने एका कागदावर मालाची आणि भावांची यादी छापून ती शेतकऱ्यांना पाठवली. खेड्यातला एकुलता एक दुकानदार म्हणेल तो भाव, अशी तेव्हा तिथल्या शेतकऱ्याची गत होती. छापील भाव पाहून त्याला मोठा आधार वाटला. पुढे सीअर्स रोबक कंपनीचा जाडजूड कॅटलॉग घरोघर गेला. १८९६ पासून अमेरिकेचे टपालखाते खेड्यातल्या घरापर्यंत पत्रे नेऊ लागले आणि १ जानेवारी १९१३ पासून पार्सलही नेऊ लागले.

या टपालाच्या सोयीसाठी झटणाऱ्यांत जॉन वॅनामेकर हा एक होता. १८८९ ते १८९३ या काळात तो अमेरिकेचा पोस्टमास्तर जनरल होता. मूळचा तो फिलाडेल्फियाचा कापडदुकानदार. त्याच्या दुकानात प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी असे, आणि तोच भाव सर्वांना लागू. आपल्याकडेही ‘एकच भाव’ अशी पाटी पुष्कळ दुकानांत असते. या पाटीचा खरा अर्थ ध्यानात घ्या. गिऱ्हाईक श्रीमंत असो की गरीब, शहाणे असो की भोळे, दाम एकच. आणि जो आधी येईल त्याला माल आधी. दुकानदारीतली समता ती हीच.

तिसरी गोष्ट सणाची. अमेरिकेत नोव्हेंबरात ‘थँक्सगिव्हिंग’ म्हणजे कृतज्ञतेचा सण असतो आणि त्यानंतर नाताळची खरेदी सुरू होते. १८६३ साली अध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार त्या सणासाठी जाहीर केला. १९३९ साली हा गुरुवार ३० तारखेला येत होता. मंदीचे दिवस होते. खरेदीला दिवस कमी पडतील, अशी व्यापाऱ्यांची ओरड सुरू झाली, आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे आणला! काही राज्यांनी ते मानले, काहींनी मानले नाही. अखेर १९४१ साली कायद्याने चौथा गुरुवार ठरला. व्यापारासाठी सणाची तारीख हलते, हे पाहून आपल्याला नवल वाटेल. पण दसरा-दिवाळीच्या आधी महिनाभर सेलच्या जाहिराती सुरू होतात, तेव्हा आपण तरी कोणाला हसायचे?

सणाच्या दुसऱ्या दिवसाला ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतात. तोट्यातले दुकान त्या दिवशी नफ्यात येते आणि हिशेब काळ्या शाईने लिहिला जातो, म्हणून हे नाव, असे सांगतात. ही उपपत्ती मागाहून जोडलेली आहे. १९५० नंतरच्या काळात फिलाडेल्फियाचे पोलीस त्या गर्दीला वैतागून हा शब्द वापरू लागले. त्या दिवशी त्यांना रजा मिळत नसे, आणि रस्ते तुंबलेले असत. म्हणजे नाव ठेवले ते त्रासाने. व्यापाऱ्यांनी पुढे तेच मिरवले.

या गर्दीचे टोक २००८ साली दिसले. २८ नोव्हेंबरच्या पहाटे न्यूयॉर्कजवळ व्हॅली स्ट्रीम येथे वॉलमार्टच्या दुकानाबाहेर सुमारे दोन हजार माणसे जमली होती. दार मोडून लोक आत घुसले आणि दुकानातला एक हंगामी कामगार पायदळी तुडवला जाऊन मेला. चौतीस वर्षांचा माणूस! सवलतीत मिळणाऱ्या वस्तूंपायी त्याचा जीव गेला. आपल्याकडे जत्रेत चेंगराचेंगरी होते तेव्हा आपण हळहळतो; ही बाजारातली चेंगराचेंगरी होती.

आता बूट आणि सण यांची गाठ कशी पडली ते पाहा. १९८४ साली नाइके कंपनीने मायकेल जॉर्डन या तरुण बास्केटबॉल खेळाडूशी करार केला. १९८५ साली त्याच्या नावाचा ‘एअर जॉर्डन’ बूट ६५ डॉलरला बाजारात आला. फेब्रुवारी १९८५ मध्ये खेळाच्या संघटनेने त्याच्या लाल-काळ्या बुटाला हरकत घेतली होती. कंपनीने त्या मनाईचीच जाहिरात केली! जी गोष्ट नको म्हणावी तिचीच ओढ लागते, हे आपल्याला लहान मुलांवरून ठाऊक आहे. बुटाची मागणी इतकी वाढली की मे १९९० मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाला बुटांसाठी होणाऱ्या लुटालुटीवर आणि खुनांवर मुखपृष्ठलेख द्यावा लागला.

पुढे कंपन्यांनी जुने नमुने मोजक्या संख्येने पुन्हा काढण्याची युक्ती योजली. फेब्रुवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कबुतराचे चित्र असलेला एक बूट निघाला. एकूण जोड सुमारे दीडशे! लोक थंडीत दिवसचे दिवस दुकानाबाहेर थांबले, आणि ज्यांना जोड मिळाले त्यांना पोलिसांच्या पहाऱ्यात टॅक्सीपर्यंत पोचवावे लागले. २३ डिसेंबर २०११ रोजी, ऐन नाताळच्या तोंडावर, १८० डॉलरचा एक जॉर्डन बूट निघाला. सिएटलजवळच्या टुकविला येथे पोलिसांना गर्दीवर मिरीचा फवारा मारावा लागला. २०१२ साली ऑर्लँडो येथेही असाच गोंधळ झाला, तेव्हा मध्यरात्रीची विक्री बंद करून ती सकाळवर नेण्यात आली.

मग उपाय म्हणून रांग इंटरनेटवर गेली. थंडी नाही, धक्काबुक्की नाही, घरी बसा आणि बटण दाबा. २०१५ साली नाइकेने खास अशा विक्रीसाठी मोबाइलवरचे ॲप काढले. सणाच्या खरेदीचेही तेच झाले. २००५ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारला ‘सायबर मंडे’ म्हणू लागले. वाटले, आता सर्वांना सारखी संधी!

पण तसे झाले नाही. या अदृश्य रांगेत माणसांबरोबर यंत्रेही उभी राहिली. यंत्र म्हणजे लोखंडी नव्हे. संगणकाला दिलेली एक आज्ञावली. तिला ‘बॉट’ म्हणतात. नाव, पत्ता, पैसे भरण्याचा तपशील हे सारे ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच भरते. एकच माणूस तिच्याकरवी शेकडो नावांनी रांगेत उभा राहतो. तुमच्या मुलाने महिनाभर खाऊचे पैसे साठवावेत, दहा वाजण्याची वाट पाहावी, बोट टेकवावे. तोवर जोड संपलेले. आणि थोड्याच वेळात तेच जोड दुसऱ्या दुकानात दुप्पट-तिप्पट भावाने! पूर्वी सिनेमाच्या थिएटराबाहेर ‘दस का बीस’ म्हणत हिंडणारा तिकीटवाला निदान दिसायचा. हा दिसतही नाही.

असे का होते? हिशेब सोपा आहे. समजा, बूट १८० डॉलरला विकला, पण लोक त्याला ४०० द्यायला तयार आहेत. मधले २२० डॉलर जणू रस्त्यावर पडलेले आहेत. जो आधी उचलील त्याचे. मग धंदेवाईक माणूस वेगवान यंत्र विकत घेतो, आणि हौशी माणूस हात चोळत राहतो. २०१६ साली डेट्रॉइटमध्ये ‘स्टॉकएक्स’ नावाचा बाजार सुरू झाला. त्यात बुटांचे भाव शेअरप्रमाणे चढतात-उतरतात. बूट पायात न घालता खोक्यात ठेवायचा! आपल्याकडे चांभार पावलाचे माप घेऊन पायताण शिवायचा, तेव्हा त्या पायताणाला एकच धनी असे. इथे बूट दहा हात फिरतो आणि एकाही पावलाला लागत नाही.

तुम्ही विचाराल, कंपनी जास्त बूट का करीत नाही? कारण टंचाई हीच तिची जाहिरात. शंभरांना दुर्मिळ जोड मिळतो, हजारांना मिळत नाही, आणि तेच हजार जण निमूटपणे साधा जोड घेऊन घरी जातात. या हव्यासावर लबाडीही पोसली जाते. ऑरेगन राज्यातल्या एका व्यापाऱ्याने एका जॉर्डन बुटासाठी सुमारे सहा लाख जोडांचे पैसे आगाऊ घेतले. त्याला मिळवता आले ते सहा हजारांच्या आसपास. २०२२ साली त्याच्यावर फसवणुकीचा खटला भरण्यात आला.

शेतकरी बंधूंना यात ओळखीचे काही दिसेल. माल बाजारात पोचण्याआधी वाटेवरच अडवून उचलायचा आणि मग चढ्या भावाने विकायचा, हा धंदा फार जुना आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तो गुन्हा मानला जाई. व्यापार मोकळा असावा या मताचा जोर झाल्यावर १७७२ साली त्याविरुद्धचे जुने कायदे आणि १८४४ साली तो गुन्हाच रद्द झाला. आपल्या कौटिल्यानेही संगनमताने माल अडवणाऱ्या व्यापाऱ्यांना हजार पणांचा दंड सांगितला आहे. रोग जुना, फक्त त्याचा वेग नवा.

अमेरिकेने २०१६ साली कायदा करून नाटका-खेळांची तिकिटे यंत्राने लाटण्यास बंदी केली. पण बूट आणि खेळणी त्यात आली नाहीत. त्यांच्यासाठी मांडलेल्या विधेयकाला ‘ग्रिंच बॉट’ हे नाव पडले. १९५७ सालच्या एका मुलांच्या पुस्तकात नाताळ चोरणारा ग्रिंच आहे, त्यावरून. २०२१ सालीही ते पुन्हा मांडले गेले, पण मंजूर झाले नाही. कंपन्यांनी सोडती काढून पाहिल्या, संशयित मागण्या रद्द केल्या. कुलूप बदलले की चोर नवी किल्ली करतो, असा हा खेळ आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने दिवाळीपूर्वी मोठा सेल लावला. संकेतस्थळ कोलमडले, पुष्कळ वस्तू मिनिटांत संपल्या, काहींच्या किमती आधीच वाढवल्याची तक्रार झाली, आणि दुसऱ्याच दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची माफी मागितली. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी भारत सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा तेरा फसव्या युक्त्यांची यादी नियमांत घातली. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई करणे, न विचारता टोपलीत जादा वस्तू टाकणे, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणे, या सर्व त्यात आहेत. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तो घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात सरासरी आणि शेकडेवारी शिकवताना मुलांकडून एक उदाहरण करून घ्या. सेलच्या जाहिरातीतली कापलेली मूळ किंमत आणि महिन्यापूर्वीची खरी किंमत शेजारी लिहायची, आणि सवलत खरोखर किती ते काढायचे. मूल हे एकदा करील तर पडद्यावर उलटे धावणारे घड्याळ पाहून त्याची छाती धडधडणार नाही.

आणि बूट मिळाला नाही म्हणून हिरमुसलेल्या मुलाला रागावू नका. त्याने लबाडी केलेली नाही. तो रांगेत सरळ उभा होता. रांग त्याच्याशी सरळ वागली नाही, एवढेच. हे त्याला नीट समजावून सांगा. ‘एकच भाव’ आणि ‘आधी येईल त्याला आधी’ हे दोन साधे नियम बाजाराला शिकवायला माणसाला फार वर्षे लागली. ते नव्या बाजारालाही शिकवावे लागतील, आणि ते काम आजच्या वर्गातल्या मुलांच्या वाट्याला येणार आहे.