पहिला घोट कोणाचा?

पुण्याहून नाशिककडे जाताना मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली की चाकणच्या अलीकडे आमचे कुरुळी गाव लागते. एका अंगास शेते, दुसऱ्या अंगास कारखाने, आणि मध्ये दिवसेंदिवस वाढणारी वस्ती. पावसाने हात आखडता घेतला की या तिघांमध्ये प्रश्न उभा राहतो: पहिला घोट कोणाचा? सरकारच्या जलनीतीची परीक्षा करावयाची ती याच प्रश्नावर.

हा प्रश्न जुना आहे. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती मिळवून ती सरकारपुढे मांडली. पुढे दुष्काळ आयोग नेमला गेला, निवारणाचे नियम झाले, आणि १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा वाहू लागला. बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानांचे अवर्षणापासून रक्षण व्हावे, हा त्याचा मूळ हेतू. परंतु बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारीसाठी पाणी विकत कोण घेणार? पाणीपट्टी वसूल होईना. म्हणून उसास उत्तेजन मिळाले. विश्वेश्वरय्यांनी पाणी अनेक गावांत विभागण्याची गटपद्धती घालून दिली, तथापि उसाचा ओढा थांबला नाही. दुष्काळासाठी काढलेला कालवा अशा रीतीने नगदी पिकाच्या कामी आला.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण माझ्या पिढीस आहे. फुटणाऱ्या खडीचा आवाज आणि सुकडीची चव आम्ही विसरलेलो नाही. वसंतराव नाईकांच्या सरकारने तेव्हा सुमारे ५० लाख माणसांना कामावर घेतले आणि मोठी मनुष्यहानी टाळली. या कामगिरीचे श्रेय सरकारास मोकळ्या मनाने दिले पाहिजे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीस १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. शहरातील नोकरदारांच्या व्यवसाय कराचा पैसा खेड्यातील मजुरीस लागला. मात्र हातांना काम देणे हा पहिला हेतू होता. तलाव झाले, पाझर वाढला. पण मुरलेले पाणी कोणी व किती उपसावे, हा प्रश्न तसाच राहिला.

उपशावर बंधन घालणारा कायदा १९९३ मध्ये आला. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास त्याने मनाई केली. तो बहुतांशी कागदावरच राहिला, आणि विंधन विहिरी खोल खोल जात राहिल्या. २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगास स्थान दिले व शेतीस त्याच्या मागे बसविले. २०११ मध्ये तो क्रम फिरवून शेती पुढे आणली गेली. पण शेती म्हणजे कोणाची? भुसारवाल्याची की ऊसवाल्याची? क्रम बदलला, तरी हा भेद झाला नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले. ती धावपळ स्तुत्य होती यात शंका नाही. तथापि ज्या मराठवाड्यात पिण्यास पाणी उरले नव्हते, त्याच मराठवाड्यात उसाचे मळे वर्षानुवर्षे वाढू दिले गेले होते, हेही विसरता येत नाही.

म्हणजे आमचे सरकार दुष्काळ आल्यावर दक्ष असते आणि पाऊस पडल्यावर निद्रिस्त! याउलट उदाहरण पुरंदर तालुक्यातील नायगावचे. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मानाने न देता माणशी अर्ध्या एकरापुरते द्यावयाचे, भूमिहीनासही वाटा, ऊस वर्ज्य. आपले पाणी मोजून, सर्वांदेखत वाटण्याची ही रीत होती. ती सर्व महाराष्ट्रास जशीच्या तशी लागू पडेल असे मी म्हणत नाही. परंतु तिच्यातील तत्त्व सरकारास घेता येईल.

शहरातील श्रोत्यांस माझी एवढीच विनंती आहे. धरण भरल्याची बातमी ऐकून आनंद मानताना त्याच दिवशी विचारावे, की पुढचा पाऊस चुकला तर या पाण्याची वाटणी कशी ठरली आहे? टँकर दारात येऊन उभा राहिल्यावर विचारलेल्या प्रश्नास उत्तर मिळत नाही. तेव्हा फक्त रांग मिळते.